वीस पाहुणे, तीन हजार कार्षापण: त्रिरश्मी डोंगरावरील पाहुणचाराचा हिशेब

१/ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामानिमित्त येणारे अभियंते, नाशिक-त्र्यंबकेश्वरी येणारे यात्रेकरू, परीक्षेसाठी येणारे विद्यार्थी अशा पाहुण्यांना चार-आठ दिवसांच्या बोलीवर सुसज्ज सदनिका देण्याची रीत आता सर्वपरिचित आहे. घर ताब्यात आले की मालकाची यादी सुरू होते. गादी, उशी, चादरींचे जोड, पिण्याचे पाणी, शेगडी आणि चार भांडी, औषधांची पेटी, भिंतीवर एखादे चित्र.

२/ या यादीतील खरी अडचण घरमालकाला पहिल्या काही महिन्यांतच उमगते. भिंती एकदाच उभ्या राहतात. चादरी मात्र पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात. पाहुणा बदलतो, ऋतू बदलतो, वस्तू झिजतात. मग हा आवर्ती खर्च कोणत्या उत्पन्नातून भागवायचा?

३/ अंबडपासून काही किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगर आहे. त्याच्या कुशीतील २४ लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंची निवासस्थाने व उपासनागृहे होत. आणि वरचा प्रश्न येथे सुमारे १९०० वर्षांपूर्वी विचारला गेला, सोडवला गेला आणि त्याचे उत्तर भिंतीवर कोरून ठेवले गेले.

४/ आरंभी एक भेद स्पष्ट असावा. हे निवास भाड्याचे नव्हते. येणारा भिक्षू काहीच देत नसे. म्हणजे आजच्या घरमालकाला पाहुण्याकडून जे मिळते, ते येथे दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने उभे करावे लागे. त्रिरश्मीचे अनेक शिलालेख मुळात याच तजविजीची कागदपत्रे आहेत.

५/ पाहुणा कोण? बौद्ध संघाच्या नियमाप्रमाणे भिक्षूने पावसाळ्यातील तीन महिने एका ठिकाणी राहायचे असते. यालाच वर्षावास म्हणतात. उरलेल्या काळात चारिका, म्हणजे भ्रमंती. त्याच्याजवळ तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके एवढेच सामान असे. बाकी जे लागेल ते निवासस्थानी मिळायला हवे.

६/ पाली भाषेत भिक्षूच्या निवासाला ‘सेनासन’ असा शब्द आहे. त्याची फोड शयन आणि आसन अशी होते. निजायची जागा आणि बसायची जागा, म्हणजेच घर. निवासाचे नावच त्यातील सामानावरून पडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘विनयपिटका’त खाट, गादी, उशी यांविषयी नियम आहेत आणि आलेल्या भिक्षूंना निवास वाटून देणारा स्वतंत्र अधिकारीही आहे.

७/ त्याच ग्रंथात येणाऱ्याचे आणि जाणाऱ्याचे वर्तनही ठरवून दिलेले आहे. येणाऱ्याने पादत्राणे काढून झटकावीत; आपली खोली कोणती, पिण्याचे पाणी कोठे, शौचाची जागा कोठे हे विचारून घ्यावे. जाणाऱ्याने लाकडी व मातीच्या वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात, दारे-खिडक्या लावाव्यात आणि निवास सोडत असल्याचे कळवून मगच निघावे. आजच्या सदनिकेच्या दारामागे चिकटवलेल्या सूचनांशी यातले काय जुळत नाही?

८/ आता लेणे क्रमांक १० पाहू. क्षहरात वंशाचा क्षत्रप राजा नहपान याचा जावई, दीनिकाचा पुत्र उषवदात (याचे संस्कृत रूप ऋषभदत्त) याने हे कोरवले. मधोमध सुमारे १३ मीटर लांब-रुंद दालन, दोन्ही बाजूंना पाच-पाच आणि मागे सहा अशा १६ खोल्या, आणि खोल्यांत दगडी ओटे. ओटा हीच खाट. दगडाची असल्यामुळे ती मोडण्याची वा बदलण्याची चिंता नाही.

९/ ओसरीच्या दोन टोकांना आणखी दोन खोल्या आहेत. त्यांच्यावरील लेख सांगतात की त्या नहपानाची कन्या आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने दिल्या. लेखात खोलीसाठी ‘ओवरक’ असा शब्द आहे. देवळाच्या आवारातील ओवरी आपल्याला ठाऊक आहे, ती याच शब्दाची वंशज. ‘लेणे’ हा शब्दही या लेखांतील ‘लेण’चाच पुढचा अवतार होय.

१०/ पाण्याची सोय खडकात खोदलेल्या टाक्यांनी केली. लेखात त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. उषवदाताने लेण्याबरोबर पोढ्याही खोदवल्याचा उल्लेख स्पष्ट आहे. पावसाळ्याचे पाणी डोंगरातच साठवले की पुढचे काही महिने खाली नदीवर जाण्याचे कारण उरत नाही.

११/ खोली, ओटा आणि पाणी हा झाला एकदाच करायचा खर्च. येथवर कोणताही धनवान दाता पोहोचू शकला असता. उषवदाताचा विशेष पुढे आहे. वर्ष ४२, वैशाख महिना. शक संवत् मानल्यास हे इ.स. १२० येते, ही नहपानाची राज्यवर्षे आहेत असे मानणारे अभ्यासक लेख त्याहून आधीचा ठरवतात. तेव्हा त्याने लेणे ‘चातुर्दिश संघा’ला, म्हणजे चारही दिशांनी येणाऱ्या कोणत्याही भिक्षूला अर्पण केले आणि सोबत ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ दिली.

१२/ अक्षयनीवी म्हणजे कधीही न संपणारी ठेव. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज उपभोगायचे, असे लेखात बजावून सांगितले आहे. ही रक्कम त्याने गोवर्धन नगरातील श्रेणींकडे गुंतवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचे संघ. विणकरांच्या एका संघाकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ या व्याजाने. विणकरांच्याच दुसऱ्या संघाकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने.

१३/ आता पहिल्या ठेवीचे गणित पाहा. २००० वर दरमहा २० कार्षापण व्याज, म्हणजे वर्षाला २४०. लेखात म्हटले आहे की या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. २० गुणिले १२ बरोबर २४०. एक कार्षापणही कमी नाही, एकही जास्त नाही. आधी पाहुण्यांची संख्या, मग प्रत्येकाची गरज आणि शेवटी मुद्दल, अशा उलट्या क्रमाने हा हिशेब मांडलेला दिसतो.

१४/ खोल्या १६ आणि २ मिळून १८, भिक्षू २०. आकडे जवळपास जुळतात. निवासाची क्षमता पाहूनच पाहुण्यांचा अंदाज बांधला असावा. वस्त्रांसाठीचे पैसे विणकरांकडेच ठेवले, हाही योगायोग नसावा. ज्यांच्याकडून व्याज यायचे, कापडही त्यांच्याच मागावर तयार होत असावे.

१५/ दुसऱ्या ठेवीचे व्याज वर्षाला ९० कार्षापण होते. ते ‘कुशणमूला’साठी आहे. या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही. चीवराखेरीजच्या किरकोळ गरजा असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. घर चालवणाऱ्याला अशा किरकोळ खर्चाच्या स्वतंत्र रकान्याचे मोल वेगळे सांगायला नको. शिवाय कापूर आहारातील (आहार म्हणजे जिल्हा) चिखलपद्र गावची नारळाची ८००० झाडेही दिल्याचा उल्लेख आहे.

१६/ अन्नाची व्यवस्था वेगळ्या लेखात येते. वाराहीचा पुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून उषवदाताने ४००० कार्षापणांना एक शेत विकत घेतले. ते नगराच्या सीमेवर, वायव्येस होते. त्या शेतातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना ‘मुखाहार’ मिळावा, असे लेख सांगतो. येथे रोख व्याज नाही, धान्य पिकवणारी जमीन आहे. जावई राजाचा असला तरी जमीन मोल देऊन घेतली आणि किंमत लिहून ठेवली.

१७/ सर्वांत आधुनिक वाटणारी गोष्ट याच्या पुढे आहे. हे सर्व दान निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवण्यात आले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवण्यात आले. दात्याच्या पश्चात श्रेणीने व्याज थकवले, तर साक्षीला संपूर्ण नगर आहे. भिंतीवरचा लेख ही त्या नोंदीची टिकाऊ प्रत.

१८/ उषवदाताला पाहुण्यांच्या सोयीचे हे शास्त्र ठाऊक होते, कारण त्याचा आवाका एका लेण्यापुरता नव्हता. भरुकच्छ (भरूच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) येथे त्याने चौसोपी निवास व विश्रामस्थाने बांधली. बागा, तळी, विहिरी केल्या. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया उभारल्या. कोकणातील बंदरांकडून घाट चढून येणाऱ्या वाटसरूच्या दृष्टीने ही एक अखंड साखळी होती. ब्राह्मणांना आणि देवस्थानांनाही त्याने उदंड दिले. पाहुण्याचा पंथ पाहून हात आखडलेला दिसत नाही.

१९/ पाहुणचाराचा मान केवळ राजघराण्याकडेच होता असेही नाही. छाकलेप गावच्या रामणक नावाच्या व्यापाऱ्याने लेणे दिले आणि वर्षावास करणाऱ्या भिक्षूच्या वस्त्रासाठी १०० कार्षापणांची ठेव ठेवली. दरमहा शेकडा १ या दराने तिचे वर्षाला १२ येतात. हीच ती एका भिक्षूच्या चीवराची रक्कम. राजाच्या जावयाने वीस पाहुण्यांचा भार उचलला, व्यापाऱ्याने एकाचा. मापट मात्र एकच होते.

२०/ मग खरी परीक्षा आली. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. पुढे त्याच्या मातेच्या, गौतमी बलश्रीच्या, लेखात तर त्याला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटले आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. श्रेणींकडे ठेवलेले कार्षापण बहुधा अशाच नाण्यांत मोजले गेले असतील. राज्य गेले, नाण्यावरचा मुखवटाही पुसला गेला. डोंगरावरच्या पाहुण्यांचे पुढे काय?

२१/ लेणे क्रमांक ३ मध्ये याचे उत्तर आहे. राज्यवर्ष १८ मध्ये, विजयी सेनेच्या तळावरून, गौतमीपुत्राने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठवली. अपरकखडी गावातील २०० निवर्तने शेत, जे तोवर उषवदाताकडे होते, ते त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खोदू नये, असेही संरक्षण त्याला दिले. रणांगणावरील धूळ बसण्यापूर्वी शत्रूची जमीन भिक्षूंच्या नावे झाली. घराणे उलथले, तरी घरातील पाहुणा उपाशी राहू नये ही दृष्टी दोन्ही पक्षांत समान होती.

२२/ परंतु आज्ञा देणे वेगळे आणि व्यवस्था चालणे वेगळे. सहा वर्षांनी, राज्यवर्ष २४ मध्ये, त्याच भिंतीवर दुसरी आज्ञा कोरली गेली. ती राजा आणि राजमाता यांच्या नावे, आता गोवर्धनचा अमात्य असलेल्या श्यामकाला उद्देशून आहे. आशय असा: कखडी गावी आम्ही भिक्षूंना पूर्वी शेत दिले होते; पण ते शेत कसले जात नाही आणि गावात वस्तीही नाही.

२३/ मूळ प्राकृतात येथे ‘न कसते’ असे शब्द आहेत. शेत ‘कसणे’ हे क्रियापद मराठी शेतकरी आजही वापरतो, आणि त्यामुळे या एका वाक्याला भाषांतराची गरज जवळपास भासत नाही. ओसाड गाव, पडीक शेत आणि त्यावर अवलंबून असलेले डोंगरावरचे भिक्षू. मधली काही वर्षे तेथे अन्न कसे पोहोचले असेल? लेख त्यावर मौन पाळतो. दानाची घोषणा कोरणारे पुष्कळ असतात. आपलेच दान फसले, हे दगडावर कबूल करणारा राजा विरळा.

२४/ उपाय म्हणून राजाने नगराच्या सीमेवरील आपल्या खाजगी शेतातून १०० निवर्तने दिली. आधीच्या आज्ञेतील २०० निवर्तनांच्याच बदल्यात ही दिली असतील, तर क्षेत्र निम्मे झाले. पण दूरच्या ओसाड दोनशेपेक्षा वेशीवरची कसलेली शंभर बरी, हा धडा त्यात आहे. उषवदातानेही नगराच्या सीमेवरचेच शेत निवडले होते, हे येथे आठवावे.

२५/ पुढच्या पिढीतही हेच घडले. गौतमीपुत्राचा पुत्र पुळुमावी याच्या राज्यवर्ष १९ मध्ये बलश्रीने ‘देवीलेण’, म्हणजे हेच लेणे क्रमांक ३, संघाला दिले. नातवाने आजीच्या प्रीत्यर्थ डोंगराच्या नैर्ऋत्येचे पिसाजिपदक हे गाव लेण्याच्या ‘चित्रणा’साठी अर्पण केले, सजावट वा रंगकाम असा या शब्दाचा अर्थ लावला जातो. भिंतीच्या शोभेसाठी संपूर्ण गावाचे उत्पन्न! तसेच लेण्याच्या देखभालीसाठी सुदसण नावाचे गाव दिले गेले. आणि वर्ष २२ मध्ये नवी आज्ञा निघाली: सुदसणऐवजी सामलिपद गाव द्यावे.

२६/ यादीत आता एकच गोष्ट उरते, औषधांची पेटी. तीही येथे आहे. सातवाहनांनंतर आलेल्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या राज्यवर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्रिरश्मीवरील विहारातील आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अक्षयनीवी ठेवली. ती शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी आणि गणपक विश्ववर्म्याची माता. कदाचित घरातील आजारपणे निस्तरलेल्या हातांनाच ही उणीव सर्वांआधी जाणवली असेल.

२७/ तिच्या ठेवी ज्या श्रेणींकडे होत्या, त्यांची नावे गोवर्धनचा बाजार डोळ्यांपुढे उभा करतात. कुलरिक, जे बहुधा कुंभार होते. ओदयंत्रिक, म्हणजे पाणी उपसण्याची यंत्रे करणारे. आणि तिलपिषक, म्हणजे तेली. विणकरांपासून तेल्यांपर्यंत, खाली नगरात दिवसभर चालणाऱ्या मागांच्या, चाकांच्या आणि घाण्यांच्या कमाईतून वर डोंगरावर एखाद्या अनोळखी भिक्षूच्या तापावरचा काढा उकळत होता. आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी अंबड-सातपूरचे कारखाने आहेत.

२८/ या सर्व लेखांतून एक गोष्ट दिसते. अक्षय असे लिहिल्याने काही अक्षय होत नाही. दर काही वर्षांनी कोणीतरी वर जाऊन पाहिले, शेत कसले जाते का, गाव नांदते का, कोणती वस्तू कमी आहे, आणि जे मोडले होते ते बदलले, म्हणून ती निवासस्थाने शतकानुशतके वापरात राहिली. ज्या दिवशी असे पाहणारे उरले नाहीत, त्यानंतर डोंगरावर उरल्या त्या खोल्या. पुढच्या लोकांना त्या कोणी केल्या हेही आठवेना, आणि त्यांनी त्या पांडवांच्या नावे करून टाकल्या.

२९/ निगमसभेचा तो फलक आज उरलेला नाही. विणकरांच्या श्रेणी गेल्या, नारळाची झाडे गेली, अश्विभूतीचे शेत नेमके कोठे होते तेही सांगता येत नाही. पण लेणे क्रमांक १० च्या ओसरीत तो लेख आजही आहे. तो आत, अंधाऱ्या खोलीत कोरलेला नाही. दारातून आत जाणाऱ्याच्या नजरेसमोर आहे. पावसात भिजत डोंगर चढून आलेल्या भिक्षूने आत पाऊल टाकण्यापूर्वी तो वाचावा, अथवा कोणाकडून वाचवून घ्यावा. या घरात त्याच्या वाट्याला काय येते, ते तेथे लिहिले आहे: वस्त्रासाठी १२ कार्षापण, शेताचे अन्न आणि पोढीचे पाणी.